थर्माकोलचं लेणं

सिनेमात काम करणाऱ्या मुलीच्या आईला सेटवर एकच काम असतं, बसायचं. सकाळी गाडीतून उतरायचं, ताडपत्रीखालची एक प्लास्टिकची खुर्ची पकडायची आणि ‘पॅकअप’ अशी आरोळी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. मला वाटलं होतं, चला, तेवढाच आराम. पण त्या खुर्चीत बसून मी जेवढी दमले तेवढी कुठल्याच कामाने दमले नव्हते.

मी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त घेते. दिवसभर उभी असते. रडणाऱ्या पोरांना ‘मुंगी चावणार हं’ म्हणून फसवते, म्हाताऱ्यांच्या सुकलेल्या हातांवर शीर शोधते. नवरा खोपोलीला कारखान्यात, त्याच्या शिफ्टा बदलत्या. त्यामुळे आमच्या घरात कोणीतरी एक नेहमी झोपलेलं असतं आणि बाकीचे दोघं कुजबुजत असतात. अशा घरात आमची एकुलती एक मुलगी वाढली, तेव्हा ती मुळातच हळू बोलणारी. पण त्या वर्षी तिने बोलणंच टाकलं.

तिची वर्गात एकच मैत्रीण होती. त्या मुलीच्या वडिलांची बदली झाली, ती गेली, आणि आमच्या मुलीच्या बाकावर दप्तराशिवाय कोणी उरलं नाही. मधल्या सुट्टीत ही नळापाशी एकटी उभी असते, असं बाईंनी मला लॅबमध्ये येऊन सांगितलं. बाई थायरॉइड तपासायला आल्या होत्या. घरी येऊन मी विचारलं, “आज कोणाशी खेळलीस?” म्हणाली, “सगळ्यांशी.” पुढे काही विचारायची सोयच ठेवली नाही तिने. कुणाचीही शीर मला सापडते, पण हिच्या मनातलं काही सापडेना.

त्याच सुमारास शाळेत सिनेमाची माणसं आली. गोष्ट अशी होती, सुट्टीत तीन शहरी मुली गावाला येतात, त्यांना गावातली एक मुलगी भेटते, चौघींची घट्ट मैत्री होते आणि डोंगरातल्या लेण्यात लपवलेला जुना खजिना त्या शोधून काढतात. तीन शहरी मुली ठरलेल्या होत्या. गावची मुलगी इथलीच हवी होती. वर्गातल्या सगळ्या पोरी पुढे पुढे करत असताना यांनी नेमकी आमची निवडली. म्हणे, “हिचे डोळे बोलतात.” मी मनात म्हटलं, डोळे बोलतात कारण तोंड बंद आहे, त्यात कसलं आलंय कौतुक.

तरी मी हो म्हटलं. लॅबच्या डॉक्टरांची नाराजी पत्करून रजा टाकली, कारण लहान मुलांबरोबर पालक लागतोच. नातेवाइकांना वाटलं, हिला पोरीला हिरॉइन करायचंय. काय सांगणार लोकांना? मला फक्त एवढंच हवं होतं की माझी मुलगी तिच्या वयाच्या तीन मुलींबरोबर रोज बसावी, जेवावी, हसावी. खोटं खोटं का होईना. खोट्यातून थोडं खरं निघालं तर निघालं.

डोंगराचे आणि ओढ्याचे प्रसंग कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूला होणार होते. पण खऱ्या लेण्यात शूटिंगची परवानगी मिळणार नव्हती, म्हणून आतलं सगळं चौक गावाच्या पुढे, खालापूरकडे एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं होतं. बाहेर ऊन, आत पंखे, आणि पंखेसुद्धा टेक चालू असला की बंद. आम्ही आया बाहेर ताडपत्रीखाली.

पहिल्याच दिवशी हिला भाषा शिकवायला एक माणूस आला. मी जन्मभर हिच्या मागे लागले होते, ‘नाय’ म्हणू नकोस, ‘नाही’ म्हण. ‘हाय’ काय गं, ‘आहे’ म्हण. आता हा माणूस तिला सांगत होता, “नाही नाही, ‘नाय’ म्हण. आणि मध्ये मध्ये ‘व्हय’ टाक.” ही माझ्याकडे बघायला लागली. ‘व्हय’ आमच्याकडे कोणी म्हणत नाही, पण कोण वाद घालणार. मी हातानेच सांगितलं, म्हण बाई.

त्या तिघींमध्ये मुख्य होती ती मुंबईची, हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी तिला मनात ‘मोठी’च म्हणायचे. साबणापासून बिस्किटापर्यंत सगळ्या जाहिरातींत झळकलेली. गुणी पोर होती, खोटं कशाला बोलू. आल्याआल्या माझ्या पाया पडली आणि मग हिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “आजपासून आपण बेस्टी हां!” बाकीच्या दोघी, एक ठाण्याची आणि एक पुण्याची, त्याही येऊन चिकटल्या. परतताना गाडीत हिने मला हळूच विचारलं, “आई, बेस्टी म्हणजे?” मी म्हटलं, “जिवलग मैत्रीण.” कर्जतचा चारफाटा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत एकटीच हसत होती.

आणि मग तिची टकळी सुरू झाली. मोठी काय म्हणाली, ठाण्याची कशी हसते, पुण्याची अंडंसुद्धा खात नाही. मी भाकऱ्या थापतेय, अंग ठणकतंय, डोळे मिटताहेत, आणि ही ओट्याला टेकून, “ऐक ना, आई.” ज्या आवाजासाठी मी इतके दिवस झुरले तो आवाज ऐकताना मला जांभया येत होत्या. पण जांभया देत का होईना, सुख वाटत होतं.

ताडपत्रीखाली मात्र मला वेगळंच ऐकायला मिळे. मोठीची आई भली बाई. गळ्यात छोटा पंखा अडकवलेला, डब्यात सुका मेवा, सगळ्यांना वाटायची. एकदा मी सहज म्हटलं, “किती जीव लागलाय हो मुलींना एकमेकींचा.” ती म्हणाली, “प्रत्येक प्रोजेक्टला असंच होतं. एकमेकींशिवाय जेवत नाहीत. मग पुढचं प्रोजेक्ट आलं की तिथला ग्रुप. मुलांचं बरं असतं, नाही?” इतकं सहज म्हणाली की हातातला बदाम मी परत डब्यात ठेवला. तिच्या मुलीला पुढचं प्रोजेक्ट होतं. माझ्या मुलीला पुढे तोच नळ होता.

त्याच संध्याकाळी हिने विचारलं, “शूटिंग संपल्यावरपण आम्ही बेस्टी राहणार ना?”

“बघू,” मी म्हटलं.

“बघू म्हणजे नाही ना?”

“बघू म्हणजे बघू.”

तिला ठाऊक होतं आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ काय असतो.

मग लेण्याचा दिवस आला. शेडमध्ये थर्माकोलची गुहा उभी केली होती, वर करडा रंग, खांब, कमान, आणि आत मधोमध एक स्तूप. खजिन्याची पेटी त्या स्तूपामागे लपवलेली. ते बघून माझं डोकंच फिरलं. लेण्यात भिक्खू राहायचे, ज्यांच्यापाशी अंगावरच्या चीवराशिवाय काही नसायचं, आणि यांना तिथे सोन्याच्या मोहरा सापडतात! पण म्हटलं, आपण खुर्चीत बसायला आलोय.

माझे वडील आम्हाला लहानपणी कोंडाण्याला घेऊन जायचे. पायथ्याच्या कोंदिवड्यापासून चालत, चढ चढून, घामाघूम होऊन वर पोचलो की पहिलं वाक्य, “चपला काढा.” पिकनिकला आलेले लोक बुटांसकट आत फिरत असायचे, फोटो काढत असायचे. आम्ही मात्र अनवाणी, त्या गार दगडावर. स्तूपासमोर हात जोडायचे, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मगच डबे सोडायचे. मी माझ्या मुलीलाही तसंच नेलं. आमच्या वस्तीतलं कुठलंही पोर तसंच जातं. ते कोणी मुद्दाम शिकवत नाही, पाय आपोआप थांबतात.

प्रसंग असा होता की चौघी टॉर्च घेऊन धावत गुहेत शिरतात. गुहेबाहेरचा भाग आधीच चित्रित झाला होता, त्यात सगळ्यांच्या पायात चपला-बूट. आता आतला भाग. टेक झाला, दुसरा कोन झाला, जवळून घ्यायचे शॉट झाले, दुपारचं जेवण झालं, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की गावच्या मुलीच्या पायात चपलाच नाहीत. थर्माकोलच्या कमानीआड, पडद्याच्या मागे, तिच्या चपला नीट जोडीने ठेवलेल्या सापडल्या.

मग जो काही गोंधळ झाला! टोपी घातलेली, हातात वॉकीटॉकी असलेली एक साहाय्यक दिग्दर्शिका होती. ती तर रडकुंडीला आली आणि रडायचं सोडून ओरडायला लागली, “कोणी सांगितलं तुला चपला काढायला? अर्धा दिवस गेला! एवढंही कळत नाही?” आरडाओरडा ऐकून मी खुर्ची सोडून दारापर्यंत गेले. माझी मुलगी खाली मान घालून उभी होती, अनवाणी, अंगठ्याने जमीन उकरत. मला वाटलं, झालं. एवढ्या दिवसांत उघडलेलं तोंड आता कायमचं मिटणार.

मी पुढे होणार एवढ्यात मोठी बोलली. “दीदी, थांबा ना. सर, असं केलं तर? ती आम्हाला सांगते की इथे चपला काढायच्या, मग आम्हीपण काढतो. दाराशीच एक शॉट घेऊ. मग पुढचं सगळं मॅच होईल, आतल्या शॉटमध्ये आमचे पाय कुठे दिसतच नाहीत.” आणि हे म्हणता म्हणता तिने स्वतःचे बूट काढले. ते बघून ठाण्याचीने काढले, पुण्याचीने काढले. दिग्दर्शक टाळी वाजवून म्हणाला, “घेऊया!” लगेच हिला वाक्य दिलं गेलं, “इथं चपला काढायच्या गं.” पहिल्याच टेकमध्ये तिने ते असं म्हटलं की शेडमधल्या दिवे धरणाऱ्या माणसानेसुद्धा नकळत आपल्या पायांकडे पाहिलं.

मी जनरेटरच्या गाडीमागे जाऊन रडले. कशासाठी ते विचारू नका. कोणीतरी माझ्या मुलीची बाजू घेतली होती, बस.

परतताना तिने विचारलं, “मी चुकले का?”

“नाही.”

“मला म्हाइत होतं ते थर्माकोल आहे. पण आत स्तूप होता ना.” मग म्हणाली, “तिने माझ्यासाठी बूट काढले, आई. बेस्टी आहे म्हणून.”

मी हो म्हटलं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आज वाटतं, त्या पोरीने एक अडलेला शॉट सोडवला. कामात हुशार होती ती. दोन्ही खरं असेल कदाचित, मला आता त्याचा निवाडा करण्याइतका उत्साह राहिलेला नाही.

शूटिंग संपलं त्या दिवशी चौघी एकमेकींना मिठ्या मारून इतक्या रडल्या की मोठीच्या आईला पंखा सगळ्यांवर फिरवावा लागला. “तुझ्या वाढदिवसाला आम्ही नक्की कर्जतला येणार!” तिघी एका सुरात म्हणाल्या. माझ्या फोनवर ग्रुप केला. पहिले काही दिवस फोन नुसता टणटणत होता. मग एकेक दिवस आड झाला. मग नुसती बदामाची नि फुलांची चित्रं. मग ही एकटीच ‘गुड मॉर्निंग’ टाकायची आणि दोन निळ्या खुणा येतात का ते बघत बसायची. मी म्हणायचे, परीक्षा असतील त्यांच्या. कामं असतील. सगळी कारणं मीच शोधून द्यायची.

वाढदिवसाला नवऱ्याने शिफ्ट बदलून घेतली. मी कोंबडीचा रस्सा केला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, पुण्याच्या मुलीसाठी बटाट्याची भाजी वेगळ्या तेलात, वेगळ्या कढईत. ही सकाळपासून गॅलरीत. दुपारी मोठीचा व्हिडिओ आला, कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीतून, तोंडाला मेकअप, “हॅपी बर्थडे माय बेस्टी! मिस यू सो मच! भेटूया लवकर!” ठाण्याचीने केकचं चित्र पाठवलं. पुण्याचीचं काही आलं नाही. मुलीने व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. म्हणाली, “रस्सा गरम कर, आई, भूक लागली.” तो रस्सा आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत खात होतो.

त्यानंतर ती बदलली. गप्प झाली असं नाही. उलट सिनेमा लागला, पोस्टरवर कोपऱ्यात का होईना तिचा चेहरा आला आणि शाळेत तिच्याभोवती घोळका जमायला लागला. ती सगळ्यांशी हसून बोलायची. मान जराशी वाकडी करून, छातीवर हात ठेवून, “थँक्यू गं, सो स्वीट.” हुबेहूब मोठी. ‘नाय’ पूर्ण गेला तोंडातून. बाई मला म्हणाल्या, “केवढी धीट झाली हो मुलगी!” मी मान डोलावली. घरी मात्र ती ओट्याला टेकून ‘ऐक ना’ म्हणायची बंद झाली होती. एवढ्या मुली भोवती, पण घरी एकीचंही नाव निघत नव्हतं.

मग तालुक्यातल्या एका मंडळाने रविवारी दुपारी कर्जतला हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवला आणि हिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. माझी आठवड्याची एकच सुट्टी, ती त्यात गेली. पाठ मोडून आली होती, पण गेलो. नवरा कामावर. सिनेमात चपलांचा प्रसंग आला तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका एकदम ताठ होऊन बसल्या. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली माझी मुलगी पडद्याकडे बघत नव्हती. फोटोसाठी केस नीट आहेत का ते मोबाइलमध्ये बघत होती.

सिनेमा संपल्यावर फोटोंची रांग. शेवटी एक काटकुळी मुलगी पुढे आली, हिच्याएवढीच, तेल लावून चप्प बसवलेले केस. बरोबर वडील, संकोचून मागे उभे. ती फोटो मागायला आलीच नव्हती. म्हणाली, “मी कळंबची हाय. आमच्या शाळेत माज्याबरोबर कोन खेळत नाय. तू पिक्चरमदी कशी सगळ्यांची मैत्रीन हायेस, म्हनून मी बाबाला बोल्ली, मला तिला भेटायचं. माजी मैत्रीन व्हशील?”

नळापाशी उभी असलेली मुलगी अशीच दिसत असणार.

आमचीने मान वाकडी केली, छातीवर हात ठेवला. “ऑ, सो स्वीट! हो गं, आहेसच तू माझी मैत्रीण. ये ना एकदा घरी, नक्की ये हं.” गालाला गाल लावून वडिलांना फोटो काढायला लावला. त्या पोरीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग आम्ही निघालो. हातात नारळ, शाल, पुष्पगुच्छ, सगळं सांभाळत रिक्षात बसलो.

रिक्षा थोडी पुढे गेल्यावर मी विचारलं, “काय नाव गं तिचं?”

“कोणाचं?”

“कळंबच्या मुलीचं. घरी बोलावलंस ना.”

तिने पुष्पगुच्छाचा प्लास्टिकचा कागद सारखा केला. “माहीत नाही. मी कुठे विचारलं?”

“मग येणार कशी ती? घर कुठे माहितेय तिला?”

“असं म्हणायचं असतं, आई,” ती म्हणाली. वैतागून नाही, मला समजावून सांगावं तसं. “खरं नसतं ते.”

मी इतकी थकले होते, की खरं सांगते, एक क्षण वाटलं, राहू दे. घरी जाऊ, पाठ टेकू. एवढीशी पोर, होईल शहाणी. पण माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी कळंबच्या एखाद्या पडवीत बसून वाट बघतंय असं यायला लागलं, आणि माझी मुलगी त्या वेळी कुठल्यातरी आरशात केस नीट करते आहे असं. एका मैत्रिणीसाठी मी हिला त्या शेडमध्ये नेलं होतं. तिथून ती मैत्रीण कशी टाळायची ते शिकून आली होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “दादा, मागे घ्या.”

“काय इसरल्या काय, ताई?”

“हो,” मी म्हटलं.

बाप-लेक हॉलच्या पुढे रस्त्याच्या कडेला टेंपोची वाट बघत उभे होते. बाप वडापाव घेत होता. मी मुलीला म्हटलं, “उतर. नाव विचार आणि आपल्या घराचा पत्ता सांग. पुढच्या रविवारी बोलाव.”

“आई, काहीतरीच. मी काय सांगू तिला?”

“मला नाही माहीत. तू बघ.”

“तू चल ना बरोबर.”

“नाही.”

ती बसून राहिली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. मग ती उतरली. शाल खांद्यावरून घसरली, ती तिने सीटवर टाकली. चार पावलं गेली, थांबली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. ती त्या मुलीपुढे जाऊन उभी राहिली, आणि तिला काही बोलताच येईना. मान सरळ, हात छातीवर नाहीत, दोन्ही बाजूंना लोंबत, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. माझी मुलगी घाबरली होती. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटलं.